भोपळ्याचा पास्ता आणि ओट्यावरचं एक वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवापुढे हात जोडले तरी हा विषय मी टाळत आलो, जसं काही त्याला ठाऊकच नसावं. आणि जिला हे सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

सुरुवात पास्त्यापासून करावी लागेल. हसलात ना? हसा. भिवंडीजवळच्या कोनसारख्या गावातला, पन्नाशी उलटलेला, मिशीवाला माणूस, जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला — आणि तो पास्त्याबद्दल बोलणार. पण मी खरंच सांगतो, आयुष्यात मला जी दोन-चार कामं अव्वल जमली, त्यांत हे एक आहे. त्याचा अभिमान लपवायचा मी आता सोडून दिलाय. लपवायचं होतं ते दुसरंच काही होतं — येतो त्याच्याकडे.

आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना होता. धंदा बसला, लूम भंगारात गेले, गाळा एका कुरिअरवाल्याला भाड्यानं दिला. भिवंडीत हे काही नवं नाही, निम्म्या गावाची हीच गोष्ट. मी रिकामा झालो. घरातले बाकीचे मात्र कुणीच रिकामे नव्हते. बायको पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन कल्याणच्या बाजारात जाते ती दुपार कलल्यावर येते. मुलगा टेम्पोवर. सून प्रणाली एका गोदामात, पहिल्या शिफ्टला; माल स्कॅन करायचा, गाड्या लावून घ्यायच्या. आणि घरात उरायचो आम्ही दोघं : मी आणि नात त्रिशा. दीड वर्षाची. पुढचे चार दात, आवाज मात्र बारा माणसांचा.

गावात मी काय सांगायचो? ‘गाळ्याचं बघतो.’ गाळ्याचं काय बघायचं असतं? त्याला कुलूप असतं आणि भाडं बँकेत येतं. पण ‘नात सांभाळतो’ हे चार माणसांत तोंडातून निघत नव्हतं. का निघत नव्हतं? हा प्रश्न मी आज विचारतोय. तेव्हा विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तर, त्रिशा जेवेना. वरण-भात तोंडात घेऊन गालात साठवायची आणि मग माझ्याकडे बघत, अगदी शांतपणे, शर्टावर सोडायची. नाचणीचं सत्त्व भिंतीवर. मऊ खिचडी मांजराला. भाजी? भाजीचा हिरवा ठिपका जरी दिसला तरी ओठ असे मिटायचे, जणू कुलूपच. बायको म्हणायची, “दृष्ट लागलीय पोरीला,” आणि मीठ-मोहऱ्या ओवाळायची. पोर मोहऱ्या खायला मागायची.

प्रणालीनं एक दिवस मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि रव्याच्या पास्त्याचं पाकीट आणलं. छोट्या वाकड्या नळ्या. “बाबा, हे करून बघू या? पोरं हातानं उचलून खातात म्हणे.” पहिल्यांदा तिनंच केला, सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्यांदा मी. माझा पहिला पास्ता म्हणजे खळ होती, कागद चिकटवता आला असता. पण त्रिशानं त्यातली एक नळी चिमटीत धरली, उजेडात धरून आरपार बघितली, आणि खाल्ली. मी बघतच राहिलो. ज्या पोरीनं महिनाभर माझ्या शर्टावर जेवण केलं, तिनं हात पुढे केला होता — आणखी मागायला!

मग मी मागे लागलो. सूत हातात धरून त्याचा ताण ओळखणारा माणूस मी. नळी दोन बोटांत दाबली की कळायला लागलं, दाढा नसलेल्या तोंडाला कुठपर्यंत मऊ हवी. मोठ्यांसाठी शिजवतात त्याहून बरीच जास्त, जिभेनं टाळूवर दाबली तरी फुटेल अशी. बायकोच्या पाटीतला लाल भोपळा डाळीबरोबर कुकरलाच लावायचा, म्हणजे वेगळा गॅस नको. पळीच्या पाठीनं घोटला की तोच सॉस; रंग असा की पोराला वाटावं सणच आहे. गाजर किसून पास्त्याच्याच पाण्यात. दुधी किसून, पिळून न टाकता, त्याच्याच पाण्यात शिजवलेला. मटार अख्खा कधीच नाही — घशात अडकतो, बोटानं चिरडून. टोमॅटो उकडून, साल काढून. वर तुपात परतलेला लसणाचा एक बारीक तुकडा आणि जिरं, आणि भुरभुरायला किंचित चीज. कधी भाजून कुटलेल्या सुक्या जवळ्याची चिमूट. तो माझा स्वतःचा शोध. आगरी घरातला पास्ता आहे, त्याला समुद्र लागायला नको? कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बाकी सगळं तयार. 

पालक खाल्ला तिनं. पालक! घेवडा खाल्ला. शेवग्याच्या शेंगेचा गर खाल्ला. वाटी पुसून खाऊन वाटी डोक्यावर घालायची, हा तिचा शेवट. दवाखान्यात वजन केलं तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, छान भरलंय बाळ, काय देता? प्रणाली माझ्याकडे बघून हसली. मी खिडकीबाहेर बघितलं, पण आत असं वाटत होतं की अख्खा कारखाना पुन्हा सुरू झालाय.

मग सांगायचं होतं ना गावाला? कॉलर वर करून सांगायचं! मी काय केलं? प्रणालीला म्हणालो, “बाहेर बोलू नको हां, मी रांधतो म्हणून.” ती म्हणाली, “अहो बाबा, त्यात काय?” मी म्हणालो, “नको म्हटलं ना.” ती म्हणाली, “बरं.” आणि तिनं पाळलं. हे ‘बरं’ लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

आता त्या दुपारकडे येतो. येतो म्हणतोय आणि भोवती फिरतोय, मला कळतंय.

आमच्या घराला ओटा आहे, रस्त्याला लागून. त्या दुपारी त्रिशाला तिथंच खुर्चीत बसवून भरवत होतो. आत उकडत होतं, बाहेर वारा होता. भोपळ्याचा पास्ता, तिचं तोंड कानांपर्यंत केशरी. माझ्या खांद्यावर फडकं, हातात वाटी, आणि मी तोंडानं रेल्वेचं इंजिन झालो होतो, कारण इंजिन झालं की ती मोठा घास घेते. आणि समोर भास्कर उभा. भास्कर म्हणजे माझा चुलतभाऊ, बरोबरीचा, गावात शब्दाला वजन असलेला. बरोबर आणखी दोघं. मुलाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला निघाले होते.

“कं रं गजा,” भास्कर म्हणाला, “गाळ्याचं बघतंस ते हेच कं?”

बाकीचे दोघं हसले. वाईट हसले असंही नाही. मीही हसून म्हणू शकलो असतो, हो रे बाबा, हाच माझा गाळा. एवढंच. जीभ उचलायची होती फक्त.

“आनि हे पोरीच्या तोंडाला कं लावलंस? कुनी रांधलं?”

आणि मी बोललो. शब्दन् शब्द आठवतो. “सूनबाईचं काम, दुसरं काय. सकाळी मैदा उकडून ठेवते नि जाते गोदामात. पोरीला भात करून घालायला तिला टाइम कुठाय? मी आपला गरम करून देतो, पोर उपाशी मरायला नको.”

झालं. हेच ते वाक्य. मैदा नव्हता, रवा होता. उकडून ठेवलेलं नव्हतं, दहा मिनिटांपूर्वी मी केलेलं होतं. आणि जिला टाइम नव्हता म्हणालो, ती रोज पहाटे उठून गाजर-दुधी धुऊन, सोलून, फडक्यात गुंडाळून माझ्यासाठी ठेवून जात होती. वाक्यात खरं काहीच नव्हतं. मला वाटतं खोटं बोलतानाही माणूस घाई करतो, हाताला येईल ते पुढे करतो. माझ्या हाताला ती आली. घरात नव्हती ना.

भास्कर चुकचुकला. एकजण म्हणाला, “आजकालच्या पोरी.” मी मान डोलावली! त्रिशा वाटीकडे हात करून ओरडत होती, इंजिन थांबलं म्हणून.

गावात बातमी चालत जात नाही, धावते. आठवडाभरात किराणावाल्याकडे, पाण्याच्या टँकरपाशी, भाजी घेणाऱ्या बायकांत सगळीकडे तेच. गजाननची सून पोरीला मैद्यावर टाकून गोदामात जाते. सासरा बिचारा सांभाळतो. बिचारा! प्रणालीला बायका तोंडावर विचारायला लागल्या, “काय गो, भात म्हागला काय?” तिच्या आईचा फोन आला. माझी बायको बाजारातून चिडून आली आणि पाटी आपटून म्हणाली, “लोक कं बोलतान ऐकलाव कं? कोन मेला बोलला ह्यो, त्याच्या जिभेला हाड न्हाय.”

मी कांदा चिरत होतो. चिरत राहिलो.

त्याच दिवसांत गोदामात प्रणालीला सुपरवायझर करायचं चाललं होतं. पूर्ण लाइन तिच्या हाताखाली येणार होती. आमच्या घरातली कुणी बाई अशा जागेवर बसली नव्हती — बाई कशाला, बाप्याही नव्हता. आणि एका संध्याकाळी ती माझ्याशेजारी भाजी निवडत बसली आणि म्हणाली, “बाबा, सोडते मी काम. भास्करकाकांकडची हळद झाली की सांगून टाकते ऑफिसात.”

“का?”

“त्रिशा मोठी झाल्यावर कुणी तिला सांगेल, तुझी आई तुला मैद्यावर टाकून जायची. ते नको मला.” मग थांबून म्हणाली, “मी सांगितलं असतं सगळ्यांना, की माझे बाबा ताजं करून घालतात, भाज्या घालून. पण तुम्ही नको म्हणाला होता ना. म्हणून गप्प बसले.”

कळलं का तुम्हाला? मी तिच्यावर चिखल टाकला, आणि तो पुसायचं फडकं तिच्या हातात होतं. फक्त मला दिलेल्या शब्दाखातर तिनं ते वापरलं नव्हतं. तिथं जमीन दुभंगली असती तर बरं. दुभंगत नाही. मी म्हणालो, “बघू.” ‘बघू’ — भेकड माणसाचा हा आवडता शब्द आहे.

भास्करच्या मुलाची हळद. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडव, बेंजो, वडे, मटणाचा लालभडक रस्सा. संध्याकाळ झाली आणि नेहमीचं सुरू झालं : गावभरातली बारकी पोरं भुकेनं रडायला लागली. ताटात त्यांच्या जिभेला चालेल असं काही नसतंच. आया वडे पाण्यात बुचकळून भरवत होत्या. आणि मांडवाच्या मधोमध बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. ह्या गाण्यांत एकेकाचं नाव घेऊन खेचायची पद्धत आहे. विहिणीपासून पोलीसपाटलापर्यंत कुणी सुटत नाही, आणि रागवायचं नसतं. त्यात एकीनं सूर लावला —

“कोनची सून गो गोदामाला,
पोरीला मैदा गो जेवायला...”

सगळ्या हसल्या. प्रणालीही हसली, पद्धत आहे म्हणून. तिचा तो चेहरा मी बघितला. हसू ओठांवर होतं आणि बाकीचा चेहरा तिथं नव्हताच.

माझं वाक्य होतं ते. त्याला चाल लागली होती.

मी उठलो. मागे आचाऱ्याच्या भट्टीपाशी गेलो. “एक टोप दे, एक चूल दे.” तो म्हणाला, “चाचा, क्या हुआ?” मी म्हणालो, “बच्चों का खाना बनेगा.” समोरच्या दुकानातली पास्त्याची होती नव्हती ती पाकिटं आणली. बायकोनं लग्नघरी दिलेला लाल भोपळा कोपऱ्यात होता, दुधी होता, गाजरं होती. टॉवेल कमरेला बांधला. बायको धावत आली, “अवं, कं करताव? लोक बघतान!” बघू देत, म्हटलं, तू दुधी किस. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसून किसायला घेतला. एवढा मोठा टोप मी कधी हाताळला नव्हता. तरी हात चुकत नव्हते. नळी दोन बोटांत दाबली, झाली. भोपळा घोटून ओतला, आणि टोपात अशी केशरी लाट उठली की आचारी म्हणाला, “वाह!”

टोप उचलून मी सरळ मांडवात आणला, गाणाऱ्या बायकांच्या समोर. द्रोण भरभरून मुलांपुढे ठेवले. पहिल्या पोरानं एक नळी उचलली. मग दुसऱ्यानं. आणि मग — काय सांगू! एकामागून एक रडणं बंद होत गेलं, शिफ्ट सुटल्यावर लूम बंद होत जातात तसं. मांडवात फक्त मचमच. एकाची आई म्हणाली, “ह्यो तर भोपळा हाय! माझा पोर भोपळा खातो?” खात होता. दुधीसकट.

“कुनी केला ह्यो?” गाणारीनं विचारलं.

“मी,” म्हणालो. मोठ्यानं. “आणि घरी रोज मीच करतो. मैदा नाही, रवा आहे. पास्ता सून बघून आणते, भाज्या सून पहाटे उठून निवडून ठेवते, मला शिकवलं सुनेनं. रांधतो मी. भरवतो मी. गाळ्याचं काही बघत नाही, नात बघतो.”

मग ती गाणारी, बाई मोठी तयारीची, टाळी वाजवून उठली —

“कोनचा आजा गो चुलीवरी,
भोपळा रांधी गो नातीखातरी...”

आणि मांडव फुटला! बेंजोवाल्यानं चाल उचलली. बाप्ये शिट्ट्या मारायला लागले. तरण्या पोरांनी मला उचलायचा प्रयत्न केला, टोप हातात असताना. ह्या गावात माझ्या बापाचं कौतुक गाण्यात झालं नाही, माझं झालं. आजही लग्नसराईत निरोप येतो : पोरांच्या टोपाला या. मी जातो. आमच्याकडच्या हळदीत आता बारकी पोरं रडत नाहीत, आणि ते माझ्यामुळे. हे मी छाती काढून सांगतो.

पण त्या गर्दीत एक गोष्ट झाली, ती कुणी बघितली नाही. भास्कर माझ्यासमोर आला. त्याच्या कपाळावर आठी होती. तो आठवत होता. “पन गजा, तूच तर त्या दिशी...” एवढं म्हणाला, आणि मी भरलेला द्रोण त्याच्या हातात कोंबला. “खाऊन बघ आधी.” त्यानं खाल्लं. “मीठ कमी हाय,” म्हणाला. हसला, आणि गेला. पुन्हा विषय काढला नाही. भाऊ आहे.

प्रणाली घरी जाताना रस्त्यात थांबली आणि वाकून माझ्या पाया पडली. डोळे पुसत म्हणाली, “माझ्यासाठी तुम्ही सगळ्या गावासमोर उभे राहिलात, बाबा. माझ्या बापानं केलं नसतं.” तिनं काम सोडलं नाही. आज ती सुपरवायझर आहे, पूर्ण लाइन तिच्या शब्दावर हलते. गोदामातल्या बायकांना ती अजून सांगते, गाव माझ्याविरुद्ध गेलं तेव्हा एकटा माझा सासरा माझ्या बाजूनं बोलला.

आणि मी ते घेतलं. वाक्य भीतीनं निघालं होतं, क्षणात निघालं होतं. पण हे आभार? हे मी सावकाश, जाणूनबुजून, रोज घेत आलो. ती पाया पडत असताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. कुठल्या हक्कानं? त्रिशा आता शाळेत जाते, तिला धाकटा भाऊ झालाय, तोही माझ्याच हातचं खातो — आणि ह्या सगळ्या काळात मी एकदाही म्हटलं नाही की पोरी, थांब.

गाव तुझ्याविरुद्ध गेलं नव्हतं. गावाला मी पाठवलं होतं.

माफी मागायची नाही, हे ठरवलंय. मागणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी घेणं, आणि घेऊन झालंय भरपूर. आज तिची शिफ्ट लवकर सुटते. ओट्यावर भास्कर आहे, त्या दुपारी त्याच्याबरोबर आलेले ते दोघंही आहेत, बायको पाट्या धुतेय. मी कुणाला आत बोलावणार नाही. ती फाटकातून आली की सगळ्यांच्या देखत उभा राहून सांगणार — प्रणाली, तुझ्यावर उठलेलं पहिलं बोट माझं होतं.